हौशी लोकांची पेढी बुडते तेव्हां

एखाद्या पेढीचें दिवाळें निघालें म्हणजे सावकाराला आपल्या रकमेची चिंता पडते, कामगाराला पुढील महिन्याच्या पगाराची आणि दुकानदाराला फळीवर पडून राहिलेल्या मालाची. या तिघांचें दुःख जगाला चटकन् समजतें, कारण तें पैशांत मोजतां येतें. परंतु कांहीं पेढ्या अशा असतात कीं, त्या बुडाल्यावर ज्यांचा एक पैसाहि त्यांत गुंतलेला नसतो अशीं माणसेंहि हळहळतात. विमानें, जहाजें आणि आगगाड्या यांच्या लहान प्रतिकृति घरीं जोडतां याव्यात म्हणून त्यांच्या सुट्या भागांच्या पेट्या विकणारी पेढी ही या जातीची होय.

अशी पेटी उघडली कीं आंतून करड्या प्लॅस्टिकच्या चौकटी निघतात. देठाला फळें लगडावींत त्याप्रमाणें पंख, शेपूट, चाकें, वैमानिकाची बैठक असे बारीक भाग त्या चौकटींना लागलेले असतात. ते सुरीनें कापावयाचे, कानशीनें घासावयाचे, चिकटवून जोडावयाचे, इवल्याशा डबींतील रंगानें रंगवावयाचे, आणि शेवटीं पाण्यांत भिजवून सोडविलेलीं चिन्हें त्यांवर बसवावयाचीं, असा हा उद्योग आहे. विमानांचें फार रूढ प्रमाण एकास बहात्तर हें असतें. म्हणजे सहा फूट उंचीचा मनुष्य एक इंचाचा होतो आणि स्पिटफायर विमानाचे पसरलेले पंख सुमारें सहा इंच भरतात. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत भारतीय विमानदळानें वापरलेलें नॅट हें विमान एअरफिक्स नांवाच्या इंग्रजी पेढीनें याच प्रमाणांत काढलें होतें. पेटी परदेशची; पण तिच्यावर केशरी, पांढरें व हिरवें चक्र रंगविण्याचा आनंद मात्र येथील हौशी मनुष्याचा.

ही एअरफिक्स पेढी निकोलस कोव्ह या हंगेरियन गृहस्थानें १९३९ सालीं लंडनमध्यें स्थापन केली. आरंभीं तिचा व्यवसाय हवा भरलेल्या रबरी खेळण्यांचा होता. पुढें ती प्लॅस्टिकच्या फण्या करूं लागली. १९४९ मध्यें फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्रतिकृति तिनें केली आणि १९५२ मध्यें ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाची जोडणी वूलवर्थच्या दुकानांतून दोन शिलिंगांस विकावयास काढली. मुलाच्या खिशांतील पैशांत एक जहाज येऊं लागलें, हेंच तिच्या भरभराटीचें रहस्य होय. परंतु भरभराट कायमची नसते. १९८१ च्या जानेवारींत ही पेढी बुडाली. अमेरिकन मालकांनीं ती घेऊन तिचे सांचे फ्रान्समध्यें नेले. १९८६ मध्यें रंगांच्या डब्यांकरितां प्रसिद्ध असलेल्या हंब्रोल कंपनीकडे ती गेली. आणि वीस वर्षांनीं, ३१ ऑगस्ट २००६ रोजीं, हंब्रोलनेंहि हात टेकले. एअरफिक्सच्या बहुतेक पेट्या फ्रान्समधील हेलर या पेढीकडून घडवून येत. ती पेढीच अगोदर अडचणींत आल्यानें माल येईनासा झाला होता. हल शहरांतील कचेरींत ४१ माणसें होतीं. त्यांपैकीं ३१ जणांना निरोप मिळाला.

या बातमीनें हौशी लोकांत जी चलबिचल झाली ती पाहण्यासारखी आहे, कारण अशा प्रत्येक प्रसंगीं ती तीन वाटांनीं प्रकट होते. पहिली वाट दुकानाची. उद्यां मिळणार नाहीं तें आज घेऊन ठेवावें, या भावनेनें मनुष्य धांवत सुटतो, आणि कालपर्यंत धूळ खात पडलेल्या पेट्यांना एकाएकीं मोल चढतें. दुसरी वाट आठवणींची. वडिलांच्या शेजारीं बसून जोडलेलें पहिलें विमान, बोटांना चिकटून राहिलेला डिंक, कांचेवर उमटलेला अंगठ्याचा डाग, यांचें स्मरण होतें आणि बालपणाचा शेवटचा साक्षीदार गेला असें वाटूं लागतें. या दोन्ही वाटा स्वाभाविक आहेत; परंतु जाणत्या हौशी मनुष्याची वाट तिसरी होय. तो एवढेंच विचारतो कीं, सांचे कोठें आहेत?

या प्रश्नाचें मर्म लंडनच्या गृहस्थापेक्षां कल्याणपुढील पट्ट्यांतील कारागिराला लवकर उमजेल. विठ्ठलवाडी स्थानकाच्या पूर्वेस उल्हासनगरचे कॅम्प ४ व कॅम्प ५ पसरलेले आहेत. त्यांना लागूनच अंबरनाथ आणि त्यापुढें बदलापूर. गाळ्यागाळ्यांतून चालणारे लहान उद्योग आणि औद्योगिक वसाहतींतले कारखाने यांवर या भागांतील हजारों घरांची चूल पेटते. प्लॅस्टिकच्या धंद्यांत यंत्र एकाचें आणि सांचा दुसऱ्याचा, ही व्यवस्था नेहमींची आहे. सांच्याचा धनी आपला सांचा यंत्रवाल्याकडे आणून देतो. यंत्रवाला मजुरी घेऊन माल काढून देतो. दाणा बाजारांत मिळतो, यंत्र भाड्यानें चालवून घेतां येतें, पुठ्ठ्याची पेटी कोणीहि छापून देतो. सांचा मात्र उसना मिळत नाहीं. पोलादाचे दोन भाग, त्यांच्यामध्यें नेमकी कोरलेली पोकळी, त्या पोकळींत दाबानें शिरणारा वितळलेला दाणा, आणि थंड झाल्यावर बाहेर पडणारा भाग, एवढाच हा खेळ आहे. पण ती पोकळी कोरण्यांत नकाशा काढणाऱ्याचें डोकें, कोरणाऱ्याचा हात आणि धन्याचें भांडवल हीं तिन्ही खर्ची पडलेलीं असतात. सांचा झिजला किंवा नीट मिटेनासा झाला कीं भागाच्या कडेला पातळ पापुद्रा येऊं लागतो. कारागीर त्याला फ्लॅश म्हणतात, आणि हौशी मनुष्याची कानस पहिल्यानें चालते ती त्याच पापुद्र्यावर. म्हणजे यंत्रावरील कामगार आणि टेबलाशीं बसलेला हौशी हे एकमेकांस कधीं भेटले नाहींत तरी एकाच दोषाशीं झगडत असतात.

म्हणून पेढीचें नांव पुसलें गेलें तरी जाणता मनुष्य धीर सोडीत नाहीं. सांचा मोडींत गेला तर मात्र तो खरोखर खचतो. सांच्यांचे प्रवासहि मोठे विलक्षण आहेत. इंग्लंडांतील फ्रॉग या पेढीनें १९३६ मध्येंच एकास बहात्तर या प्रमाणाचीं विमानें काढलीं होतीं. तिच्या पाठीशीं असलेला लाइन्स बंधूंचा मोठा उद्योगसमूह १९७१ मध्यें कोसळला आणि पुढें कांहीं वर्षांत फ्रॉगचे सांचे सोव्हिएत रशियाला विकले गेले. परंतु महायुद्धांत शत्रु असलेल्या राष्ट्रांचीं विमानें रशियाला नको होतीं. त्यामुळें जर्मन, जपानी वगैरे विमानांचे सांचे रेव्हेल या दुसऱ्या पेढीकडे गेले. तीस वर्षांपूर्वीं संपलेलें युद्ध असें पोलादाच्या ठोकळ्यांच्या वांटणींत पुन्हां डोकावलें.

भारतहि या प्रवासाच्या वाटेवर आहे. लिव्हरपूलच्या मेक्कॅनो कंपनीच्या डिंकी या धातूच्या मोटारगाड्यांचे कांहीं सांचे कलकत्त्यास आले आणि त्यांतून निघालेल्या गाड्या निकी या नांवानें विकल्या गेल्या. १९७९ च्या अखेरीस मेक्कॅनोचा लिव्हरपूलचा कारखाना बंद पडला. आज जुन्या वस्तूंचे संग्राहक त्या कलकत्त्याच्या गाड्या मोठ्या हौसेनें शोधतात. एअरफिक्सची कथाहि २००६ मध्यें संपली नाहीं. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्यें आगगाड्यांकरितां नांवाजलेल्या हॉर्नबी कंपनीनें एअरफिक्स व हंब्रोल हीं दोन्ही नांवें २६ लाख पौंडांस विकत घेतलीं. पुढें २०१० नंतरच्या दशकांत एअरफिक्सच्या अनेक पेट्यांवर ‘भारतांत बनविलेलें’ अशीं अक्षरें दिसूं लागलीं. ज्या नॅटवर भारतीय चक्र रंगवितांना येथील मुलाला पेटी परदेशची वाटे, त्याच पेढीच्या पेट्या आतां त्याच्याच देशांतून इंग्लंडला जाऊं लागल्या.

येथील हौशी मनुष्याची अडचण मात्र यामुळें सुटली असें नाहीं. जकातीच्या कोष्टकांत लहान प्रमाणाच्या प्रतिकृति खेळण्यांच्याच सदराखालीं येतात. बाहेरून येणाऱ्या खेळण्यांवरील मूळ जकात २०२० मध्यें शेंकडा २० वरून ६० वर आणि २०२३ मध्यें ७० वर गेली. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक संस्थेची खूण आवश्यक ठरली. देशांतील कारखान्यांना आधार मिळावा आणि लहान मुलांच्या हातीं अपायकारक वस्तु जाऊं नये, हे हेतु योग्यच आहेत. परंतु चाळिशींतील जो मनुष्य रात्रीं जेवणानंतर दिव्याखालीं विमान जोडीत बसतो त्याला सरकारी कागदावर बालकांच्याच रांगेंत उभें राहावें लागतें, आणि परदेशांतील एखादी पेढी डळमळली कीं त्याच्यापर्यंत येणारी वाट सर्वांत आधीं बंद होते.

येथें हौशी मंडळींना एक अप्रिय गोष्ट ऐकून घेतली पाहिजे. पेढी बुडण्याचीं कारणें महाग झालेलें भांडवल, चुकलेला हिशेब, मुलांचें पडद्यावरील खेळांकडे गेलेलें मन, अशीं पुष्कळ असतात. परंतु त्यांत हौशी लोकांचा स्वतःचा वांटाहि असतो. बालपणीं चार विमानें जोडून पुढें तीस वर्षें ज्यानें दुकानाची पायरी चढली नाहीं, त्याच्या गोड आठवणींवर कारखान्यांतील पगार होत नाहींत. उलट, जो माळ्यावर शंभर पेट्या रचून ठेवतो आणि त्यांपैकीं एकीचेंहि वेष्टन फाडीत नाहीं, तो पेढीला पैसा देतो खरा. पण नवा हौशी निर्माण करीत नाहीं. जोडलेलें विमान पाहून शेजारचा मुलगा विचारतो, ‘हें कसें केलें?’ बंद पेटी पाहून तो कांहींच विचारीत नाहीं. छंदाची परंपरा या एका प्रश्नावर चालते. पुण्याच्या कोथरूड भागांत भाऊ जोशी यांनीं उभारलेलें लहान आगगाड्यांचें संग्रहालय १९९८ पासून लोकांस खुलें आहे. रूळ, सिग्नल, सर्कस, पोहण्याचा तलाव असें सारें शहर तेथें टेबलांवर वसविलेलें आहे. तें पाहून घरीं परतणाऱ्या मुलांपैकीं दोघांनीं जरी पुठ्ठा व कात्री हातांत घेतली तरी छंदाच्या खात्यावर ती मोठीच जमा होय.

या दृष्टीनें उल्हासनगराकडे पुन्हां एकदां पाहावें. दुसऱ्या महायुद्धांत सैन्याकरितां उभारलेल्या छावण्यांत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना वसविण्यांत आलें, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वसाहतीला उल्हासनगर हें नांव मिळालें. एका खेळण्याच्या पेढीचें दिवाळें आणि लक्षावधि माणसांचा देशत्याग हीं एका तागडींत घालणें शोभणार नाहीं. परंतु तेथें घर, दुकान आणि वखार मागें राहिली, आणि हातची कारागिरी व गिऱ्हाईक ओळखण्याची नजर तेवढी बरोबर आली, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं. बराकींच्या भिंतींआड पुन्हां दुकानें उभीं राहिलीं तीं त्याच बळावर. या गांवच्या मालावर ‘यूएसए’ अशीं अक्षरें असतात आणि त्यांचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा आहे, ही थट्टा मुंबईच्या घराघरांत ठाऊक आहे. थट्टेंत नकलेचा आरोप आहे. पण नक्कल करावयाची झाली तरी वस्तु उलगडून तिचे भाग एकमेकांत कसे बसतात हें नीट पाहावें लागतें. तें पाहणें हाच प्रतिकृति जोडणाऱ्याचाहि अभ्यास होय.

आणि मराठी घरांत या अभ्यासाचा पहिला धडा कोणत्याहि पेढीवर अवलंबून नसतो. दिवाळी जवळ आली कीं अंबरनाथ-बदलापूरच्या अंगणांतून आणि इमारतींच्या जिन्यांखालीं मुलें माती, विटा आणि गोणपाट जमवूं लागतात. बुरूज केवढा, दरवाजा कोणत्या तोंडाला, पाण्याचें टाकें कोठें, यावर तासन्‌तास वाद चालतो. अळीव पेरले जातात, बाजारांतून मावळे आणले जातात. ते मावळेहि कोणा कारागिराच्या सांच्यांतूनच निघालेले असतात, आणि बुरुजाच्या मानानें ते फार मोठे दिसतात हें एखाद्या मुलाच्या ध्यानांत येतें. ज्या क्षणीं तें ध्यानांत येतें त्या क्षणीं प्रमाण म्हणजे काय हें त्याला कळलेलें असतें. उद्यां त्याच्या हातीं विमानाची पेटी पडो वा न पडो, ती बनविणारी पेढी तरो वा बुडो. पुढील वर्षीं तो बुरूज वीतभर उंच करावयास घेईल.