जुळवून घेण्याची जबाबदारी शाळेची



शिक्षकांचं संमेलन उरणच्या मोरा बंदरावर भरावं आणि त्याचं अध्यक्षपद माझ्याकडे यावं, याचा मला मनापासून आनंद आहे. आपल्यातले काही जण सकाळच्या लाँचने मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून आलात. बंदरातल्या गाळामुळे ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. इथल्या माणसांचा दिवस भरती-ओहोटी पाहून ठरतो आणि आपल्या वर्गातली कितीतरी मुलं याच दिनक्रमात वाढतात.

‘मूल शाळेत रमत नाही’ अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. ती करताना दोष मुलाकडे किंवा त्याच्या घराकडे जातो. आज मला एवढंच सांगायचं आहे की जुळवून घेण्याचं पहिलं काम शाळेचं आहे. सहा वर्षांच्या मुलाने ते करावं आणि आपण वाट पाहावी, हा न्याय नव्हे.

भाषेपासूनच पाहू. आगरी-कोळी घरातला पहिलीतला मुलगा गाडीला ‘गारी’ लिहितो, पाण्याला ‘पानी’, डोळ्याला ‘डोला’. वही लाल खुणांनी भरते. दोन-तीन दिवसांत तो लिहायचा थांबतो, आठवड्याने बोलायचाही थांबतो. पण त्या चुकांकडे नीट पाहा. शब्दामधल्या ‘ड’चा ‘र’, ‘ण’चा ‘न’, ‘ळ’चा ‘ल’ त्याने नेमाने केला आहे. जे कानाने ऐकलं तेच त्याने प्रामाणिकपणे लिहिलं. हा नेम ओळखणारी बाई फळ्यावर दोन रकाने आखते, एकात घरचा शब्द लिहिते, दुसऱ्यात पुस्तकातला. मुलाची घरची बोली शाबूत राहते आणि प्रमाण मराठीही येते. पहाटे आईबरोबर बाजारात बसून मासळीच्या वाट्यांचा हिशेब तोंडी करणारी मुलगी वहीतल्या भागाकारापुढे अडते, तेव्हाही हाच प्रश्न असतो. तिला भागाकार येतो. तो बाजारातून वहीत कसा आणायचा, हे शिकवणं आपलं काम आहे.

दुसरी गोष्ट वर्षाच्या चक्राची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्याच सुमारास, जूनच्या मध्यावर, आपल्या शाळा उघडतात. बोटी किनाऱ्याला असतात, जाळ्यांची डागडुजी चालू असते, वडील घरी असतात. पालकभेटीला यापेक्षा चांगला काळ कोणता? ऑगस्टमध्ये बोटी समुद्रात गेल्यावर सभा बोलवायची आणि मग ‘पालक लक्ष देत नाहीत’ म्हणायचं, हे बरोबर नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. कोळीवाड्यातली बाई बाजार उरकून घरी येते, ती वेळ पाहून सभा ठेवा. ती येईल आणि बोलेलही.

तिसरी गोष्ट घर हललेल्या मुलांची. न्हावा-शेवा बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला. ती माणसं हनुमान कोळीवाड्यात आली आणि तिथे वाळवीने घरं पोखरल्यामुळे पुन्हा पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं झगडत राहिली. बंदर सुरू झालं १९८९ साली. त्याच्या मागोमाग कंटेनर यार्ड आले आणि कामासाठी दूरदूरच्या प्रांतांतून कुटुंबं आली. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबं तर पूर्वीपासूनची. या सगळ्यांची मुलं आपल्या एकाच वर्गात बसतात. वर्षाच्या मधे आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी जागा, एक सोबती आणि नावाने हाक मारणारे शिक्षक मिळाले, तर त्याचं अर्धं भय तिथेच जातं.

शाळेने मुलाकडे जाण्याची ही वाट आपल्याला नवी नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. उपेक्षित वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्या मुलांच्या अंगणात नेली. पुढे अनुताई वाघांच्या साथीने कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा भरली. मुलं का येत नाहीत, याचं उत्तर त्यांनी मुलांच्या दिवसात शोधलं.

आज कायदाही आपल्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली. कलम २९ मुलाला भय आणि चिंतेपासून मुक्त ठेवायला, शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवायला सांगतं. छडी बऱ्याच शाळांतून गेली. आता टोमणे जायला हवेत. ‘तुझ्या डब्याला वास येतो’ हे वाक्य वर्गात कुणीही उच्चारलं, तरी शिक्षकाने त्याच क्षणी थांबवलं पाहिजे. मासळीवर ज्याचं घर चालतं, त्या मुलाला त्या वाक्याची जखम खोल होते.

शिक्षकांची अडचण मी जाणते. दोन शिक्षकांनी चार-पाच इयत्ता सांभाळायच्या, वर माहिती भरायची, सर्वेक्षणं करायची. शिक्षकाला उसंत नसेल तर मुलाला माया कुठून मिळणार? म्हणून अशैक्षणिक कामं कमी करा, रिकाम्या जागा भरा, ही मागणी या व्यासपीठावरून मी शासनाकडे ठामपणे करते.

आणि तुमच्याकडे तीन गोष्टी मागते. येत्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिला पंधरवडा चाचणीशिवाय जाऊ द्या. त्यात मुलांना बोलू द्या, तुम्ही ऐका. मासेमारी बंदीच्या काळात प्रत्येक मुलाच्या घरी एकदा तरी जाऊन या. आणि वर्गात सर्वांत कमी बोलणारी पाच मुलं कोण, ती का बोलत नाहीत, हे सहकाऱ्यांसह बसून लिहून काढा. त्या पाचांसाठी शाळेने जे बदल केले, त्यांचा हिशेब पुढच्या संमेलनात आपण एकमेकांना देऊ.