डोक्याचा मार आणि दुसरा घाव



अंधेरी-बोरिवलीची किंवा घाटकोपर-मुलुंडची सकाळची लोकल ज्यांनी पाहिली असेल, त्यांना दाराशी लोंबकळणारी माणसे आठवतील. तोल गेला की माणूस रुळांवर! तिकडच्या हमरस्त्यांवर मोटारसायकलीही घसरतात. असे पुष्कळसे जखमी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात येतात. पण ही गोष्ट मुंबईचीच नव्हे. ट्रॅक्टरवरून किंवा आंब्याच्या झाडावरून पडलेल्याची गतही तीच.

डोक्याला मार लागला म्हणजे मेंदूवर दोन घाव बसतात. पहिला आपटण्याचा, तो कोणालाही परतविता येत नाही. दुसरा चोरपावलांनी, पुढच्या काही तासांत आणि दिवसांत येतो. कवटी म्हणजे नारळाची करवंटी. आत मेंदू सुजला, रक्त साकळले, तर जागा कोठली? दाब वाढतो, मेंदूला रक्त पोचेनासे होते. त्यातच श्वास अडला तर प्राणवायूही तुटतो. अतिदक्षता विभागातली सारी धडपड हा दुसरा घाव चुकविण्यासाठी असते.

तिथे यंत्राने श्वास देतात, रक्तदाब पडू देत नाहीत, आणि शुद्ध किती आहे ते वरचेवर मोजतात. रोगी डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का, याला गुण देण्याची रीत ग्लासगोच्या टीसडेल व जेनेट या डॉक्टरांनी १९७४ साली घालून दिली. पंधरापैकी आठ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे इजा जबर.

संशोधन कशाला हवे, तेही ऐका. सूज उतरावी म्हणून स्टिरॉइड देण्याचा प्रघात पुष्कळ वर्षे होता. दहा हजारांवर रोग्यांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. दोन आठवड्यांत औषध दिलेल्यांपैकी शेकडा २१ दगावले, न दिलेल्यांपैकी १८! तारक मानलेले औषध मारक ठरले. मुंबईच्या शीव आणि के. ई. एम. रुग्णालयांनीही दिल्ली-कलकत्त्याच्या रुग्णालयांबरोबर २०१३ सालापासून जखमींच्या पद्धतशीर नोंदी केल्या. नोंद असली तरच चूक सापडते.

मात्र दुसरा घाव रुग्णालयाची वाट पाहत नाही. म्हणून पहिला रखवालदार तुम्ही. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नका, कांदा हुंगवीत बसू नका, त्याला उठवून बसवू नका. श्वास चालू आहे का पाहा. डोके, मान, पाठ एका रेषेत ठेवून दोघातिघांनी मिळून त्याला कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. १०८ क्रमांकाची गाडी बोलवा. शुद्धीवर आला तरी उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी दिसली, तर ‘झोपू द्या’ म्हणू नका, दवाखाना गाठा.

पोलिसांचे झेंगट नको, म्हणून पुष्कळजण मागे सरतात. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने रस्त्यावरील अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याच्यावर नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.

गुरुजनहो, वर्गातल्या एका मुलाला निजवून हे कुशीवर वळविणे एकदा करून दाखवा. मुले ते घरी जाऊन सांगतील.