दीर्घ अपंगत्वानंतर विम्याचा व्यवसाय : उघडे दार आणि त्यामागचा हिशेब

(विमा प्रतिनिधी आणि अपंग कार्यकर्ते यांच्या संयुक्त अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गासाठी मला जो विषय देण्यात आला आहे तो वरकरणी अगदी वैयक्तिक वाटण्यासारखा आहे. एखादा कामगार अगर कारकून अपघाताने किंवा दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळतो. पाच-दहा वर्षे त्यात जातात. चाळिशी-पंचेचाळिशीत प्रकृतीची थोडीफार घडी बसल्यावर तो पुन्हा रोजी शोधू लागतो, तेव्हा कारखान्याचे आणि कचेरीचे दरवाजे त्याला बंद झालेले असतात. अशा वेळी कोणी तरी त्याला सुचवते, "तुम्ही विम्याचे काम का करत नाही?" हा सल्ला कितपत योग्य आहे, आणि तो मानणाऱ्याने कोणत्या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, याचा विचार आपणास करावयाचा आहे.

प्रश्न वैयक्तिक नाही, हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या आणि त्यांच्यापैकी सुमारे ३६ टक्केच कोणत्या ना कोणत्या कामावर होत्या. उरलेल्या सर्वांना काम करता येत नव्हते असे मानण्यास काहीही आधार नाही. त्यांच्यापैकी कितीतरी जणांना काम करण्याची इच्छा होती, कुवतही होती. नव्हते ते काम देणारे कोणी.

दार उघडे का असते?

विमा प्रतिनिधी होण्यासाठी दहावीपर्यंतचे शिक्षण, ठराविक तासांचे प्रशिक्षण आणि एक परीक्षा एवढेच लागते. वयाची वरची मर्यादा आड येत नाही. मधली दहा वर्षे कोठे होता, असा प्रश्न कोणी विचारत नाही. ठराविक वेळी ठराविक ठिकाणी हजर राहण्याची सक्ती नाही. बरेचसे काम घरबसल्या दूरध्वनीवरून करता येते. ज्याचे शरीर आठवड्यातून चार दिवस साथ देते आणि तीन दिवस देत नाही, त्याच्या दृष्टीने ही सोय फार मोलाची आहे. तिची थट्टा करण्याचे कारण नाही. अनेक वर्षे घरच्यांच्या कमाईवर जगावे लागलेल्या माणसाच्या हाती स्वतःची पहिली कमाई येते तेव्हा त्याचे घरातील स्थानच बदलते.

परंतु हे दार एवढे सताड उघडे का, हेही विचारले पाहिजे. कारखानदार अपंगाला घेत नाही, कारण त्याच्या आजाराचा, रजेचा, मंद गतीचा बोजा मालकावर पडतो. विमा कंपनी त्याला आनंदाने घेते, कारण हा सर्व बोजा तिच्यावर पडतच नाही. पॉलिसी विकली तर कमिशन. न विकली तर काहीही नाही. आजारपण, प्रवासखर्च, फुकट गेलेल्या खेपा, सारे प्रतिनिधीच्या माथी. दार उघडे असण्याचे आर्थिक कारण हे आहे.

पहिल्या वर्षांचा हिशेब

आता थोडी आकडेमोड करू. कमिशनचे दर योजनेप्रमाणे बदलतात. हिशेबाच्या सोयीसाठी पहिल्या वर्षी हप्त्याच्या शेकडा २० आणि पुढील वर्षी शेकडा साडेसात एवढे कमिशन धरू. वार्षिक २०,००० रुपये हप्त्याच्या एका पॉलिसीवर पहिल्या वर्षी ४,००० रुपये मिळतील आणि दुसऱ्या वर्षी १,५००. महिना १२,००० रुपये कमवायचे, तर वर्षाला ३६ पॉलिस्या, म्हणजे दरमहा ३ विकाव्या लागतील. सर्व चालू राहिल्या, तर दुसऱ्या वर्षी नवे काम न करता ५४,००० रुपये मिळतील. निम्म्या बंद पडल्या, तर २७,०००. महिन्याला अवघे सव्वादोन हजार.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही, की या व्यवसायाचे खरे उत्पन्न जुन्या पॉलिस्यांच्या नूतनीकरणातून वर्षानुवर्षे साठत जाते. पंचविशीत सुरुवात करणाऱ्याला त्यासाठी तीस-पस्तीस वर्षे मिळतात. पंचेचाळिशीत सुरुवात करणाऱ्याला पंधरा. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे घर कशावर चालणार याची तरतूद केल्यावाचून यात उडी घेऊ नये. दुसरी गोष्ट अशी की, विकलेली पॉलिसी टिकणे हेच प्रतिनिधीचे भांडवल आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुर्विमा महामंडळाने पहिल्या वर्षाचे कमिशन घटवून पुढील वर्षांचे वाढवले, तेव्हापासून तर हे अधिकच खरे झाले. नवख्याची सुरुवात त्यामुळे कठीण झाली. चिकाटीने टिकणाऱ्याची बाजू थोडी बळकट झाली.

दयेवर विकलेला विमा

येथे एका धोक्याकडे लक्ष वेधणे जरूर आहे. अपंग प्रतिनिधीला पहिले गिऱ्हाईक सहज मिळते. नातेवाईक, शेजारी, जुने सहकारी त्याच्याकडे पाहून हळहळतात आणि एक पॉलिसी घेऊन टाकतात. आपल्या गरजेचा, ऐपतीचा विचार त्यांनी केलेला नसतो. दुसऱ्या वर्षाचा हप्ता येतो तेव्हा हळहळ ओसरलेली असते आणि पॉलिसी बंद पडते. घेणाऱ्याचे पैसे बुडतात, प्रतिनिधीचे पुढील उत्पन्न बुडते आणि वर संबंधात कडवटपणा येतो. ओळखीपाळखीचे वर्तुळ वर्षभरात संपते. नंतर दारोदार जाणे आलेच. शिवाय, पहिल्या हप्त्यातील काही भाग आपल्या कमिशनमधून गिऱ्हाइकाला परत देण्याची जी वाईट चाल पडली आहे, ती १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ४१ अन्वये गुन्हा आहे. गरजू माणूस या मोहाला लवकर बळी पडतो, म्हणून हे आवर्जून सांगितले.

याउलट, अशा प्रतिनिधीपाशी एक ज्ञान असते, जे धडधाकट विक्रेत्यापाशी नसते. कमावता हात अचानक थांबला म्हणजे घराचे काय होते, कोणता खर्च प्रथम अंगावर येतो, कोणते कागद वेळेवर सापडत नाहीत, हे त्याने सोसलेले असते. प्रस्तावपत्रातील आजारांच्या रकान्याचे महत्त्व त्याला समजावून द्यावे लागत नाही. आजार लपवून घेतलेली पॉलिसी पहिल्या तीन वर्षांत केव्हाही वादग्रस्त ठरू शकते आणि ज्या दिवशी घराला पैशाची निकड असते त्याच दिवशी दावा नाकारला जातो. ही गोष्ट तो अधिकाराने सांगू शकतो. हे ज्ञान त्याने विकावे. आपले दुःख विकू नये.

प्रतिनिधी की कामगार?

पक्षाच्या कचेरीत भाषांतराचे काम करताना शब्दांशी माझा रोजचा संबंध येतो. अलीकडे सरकारी कागदपत्रांतून 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' आला. पण कचेरीच्या पायऱ्या शब्द बदलल्याने खाली आल्या नाहीत. 'एजंट' या शब्दाचेही तसेच. लोक त्याला हेटाळणीने 'दलाल' म्हणतात, कंपनी गौरवाने 'प्रतिनिधी' म्हणते. 'कामगार' मात्र कोणीच म्हणत नाही. हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. राज्य कामगार विम्याचा कायदा १९४८ साली झाला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आता त्या तरतुदींचा समावेश झाला आहे. तेथील आजारपणाचा आणि अपंगत्वाचा लाभ नोकरीत असलेल्यालाच मिळतो. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याच्या कलम २० नुसार नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येत नाही; पण ते बंधन सरकारी आस्थापनांपुरते आहे. खाजगी कारखान्यातून बाहेर पडलेला आपला कामगार पहिल्या खेपेस या संरक्षणाला मुकतो आणि प्रतिनिधी झाल्यावर दुसऱ्यांदा मुकतो. प्रकृती पुन्हा बिघडली आणि वर्षाचा किमान धंदा झाला नाही, तर त्याची एजन्सीच धोक्यात येते. आयुष्यभर इतरांना सुरक्षितता विकणाऱ्याला स्वतःची सुरक्षितता नाही!

त्यातही आणखी एक विसंगती आहे. अपंग व्यक्तीला स्वतःसाठी विमा मिळणे कठीण जाते. चाकाच्या खुर्चीवर असलेल्या एका नागरिकाला कंपन्यांनी आरोग्य विमा नाकारला, म्हणून त्याने दाद मागितली. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अपंगांसाठी योग्य योजना तयार व्हाव्यात असे निर्देश दिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने तसा आदेश कंपन्यांना काढला. म्हणजे २०२२ पर्यंत अपंग माणूस विमा विकण्यास लायक होता, घेण्यास नव्हता!

१८८९ साली जर्मनीत कामगारांसाठी वार्धक्य आणि अपंगत्व विम्याचा कायदा झाला, तो वाढत्या कामगार चळवळीच्या धसक्याने. १९१२ च्या प्राग परिषदेत रशियन सोशल डेमोक्रॅट कामगार पक्षाने ठराव केला की, काम करण्याची शक्ती गमावण्याच्या प्रत्येक प्रसंगी कामगाराला विम्याचे संरक्षण मिळावे आणि त्याचा खर्च मालकांनी व राज्याने सोसावा. विमा हा समाजाने द्यावयाचा हक्क आहे, हा तो विचार. आपल्याकडे १९५६ साली २४५ खाजगी विमा संस्था ताब्यात घेऊन आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, तेव्हा या दिशेने एक पाऊल पडले. पण दारोदार विमा नेणारा प्रतिनिधी कमिशनवरच राहिला.

काय करावे?

ज्याला या व्यवसायात यावयाचे आहे त्याने अवश्य यावे. परंतु एकट्याने येऊ नये. प्रथम आपल्या हक्काचे जे आहे ते पदरात पाडून घ्यावे : अपंगत्वाचे प्रमाणपत्र, नुकसानभरपाई, भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन. एजन्सी हा त्यांना पर्याय नव्हे. दुसरे, प्रतिनिधींच्या संघटनेत सामील व्हावे. सप्टेंबर २०२३ मध्ये महामंडळाच्या प्रतिनिधींच्या ग्रॅच्युइटीची मर्यादा ३ लाखांवरून ५ लाखांवर गेली आणि पुन्हा नेमणूक झालेल्यांना नूतनीकरणाचे कमिशन मान्य झाले. तेरा लाखांहून अधिक प्रतिनिधींचा हा प्रश्न होता आणि तो संघटितपणे मांडला गेला होता, हे विसरू नये. तिसरे, संघटनांनी अपंग सभासदांच्या मागण्या स्वतंत्रपणे मांडाव्यात : आजारपणात किमान धंद्याच्या अटीतून सूट, शाखा कचेऱ्यांत व परीक्षा केंद्रांत चाकाच्या खुर्चीने जाण्याची सोय, अंध उमेदवारांना परीक्षेत मदतनीस आणि प्रतिनिधींना सामाजिक सुरक्षेचे संरक्षण.

मित्रहो, ज्याने दहा वर्षे अंथरुणावर काढून पुन्हा कामाला हात घातला, त्याच्या जिद्दीबद्दल टाळ्या वाजवणे सोपे आहे. पण त्याच्या जिद्दीवर समाजाने आपली जबाबदारी ढकलून मोकळे व्हावे, हे आपणास मान्य नाही. त्याला काम मिळाले पाहिजे, आणि त्या कामाबरोबर कामगाराचे हक्कही मिळाले पाहिजेत. येथे जमलेल्या दोन्ही संघटनांनी वरील मागण्यांचे निवेदन एकत्रितपणे तयार करावे, अशी सूचना करून मी माझे भाषण संपवतो.