भंगारवाल्याची नजर



आपल्या मुलांना शाळेत चिडवायला एक शब्द वापरतात : भंगारवाला. आज मला त्याच शब्दाच्या बाजूने बोलायचं आहे.

कर्जत-खालापूर पट्ट्यात भंगाराला तोटा नाही. खोपोलीचे कारखाने, हायवेलगतची गॅरेजं, फार्महाऊसची बांधकामं. सळयांचे तुकडे, बेअरिंग, सायकलच्या चेन, फुटक्या फरश्या. हे हाताळणाऱ्यांत आपली माणसं बरीच आहेत. पितळ कुठलं, बीड कुठलं, हे ती हातात वजन घेऊन, चुंबक लावून, कानस घासून सांगतात. टाकाऊतून शिल्प करणाऱ्याचा पहिला धडा हाच : वस्तू ओळखणं.

नेकचंद सैनी फाळणीत गाव सुटलेले. चंदीगडला रस्ते-निरीक्षक होते. नवं शहर वसवताना जी गावं पाडली, त्यांचा राडारोडा, फुटक्या बांगड्या, कपबश्या त्यांनी गोळा केल्या आणि १९५७च्या सुमारास सरकारी जंगलात गुपचूप शिल्पं उभी करायला घेतली. १९७६मध्ये ते रॉक गार्डन लोकांसाठी खुलं झालं. १९८४मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

घरून प्रश्न येईल : इस्लाममध्ये हे चालतं का? बहुतेक उलेमांचा आक्षेप सजीवांच्या प्रतिमांना आहे. झाड, डोंगर, भौमितिक आकार यांना नाही. वेगळं मानणारेही आहेत. इजिप्तच्या महमूद मुख्तार यांचं ‘नहदत मिस्र’ हे स्फिंक्स आणि स्त्रीचं शिल्प १९२८मध्ये कैरोत उभं राहिलं, त्यात लोकवर्गणीही होती. वाचा, विचारा, आणि निर्णय स्वतः घ्या.

सुरुवात छोटी करा. वेल्डिंग येत नसेल तर नट-बोल्ट आणि बाइंडिंग वायर पुरते. काच लोखंडाला जोडायला इपॉक्सी वापरा, पण आधी गंज घासून काढा. नाहीतर ते गंजाला चिकटतं आणि गंजासकट सुटून येतं. जस्ताचा मुलामा असलेला पाइप वेल्ड करू नका, त्या धुराने ताप भरतो. बॅटऱ्या फोडू नका, त्यात शिसं असतं. जुने सिमेंटचे पत्रे कापू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं.

मी दिवसभर कोड लिहितो. तिथे चुकलं की मागे जाता येतं. कापलेली सळई लांब होत नाही. म्हणून आधी जमिनीवर मांडून बघा, मग जोडा.

आणि माल घेताना भंगारवाल्याशी घासाघीस करू नका. शिल्पाखाली आपलं नाव लिहाल, तेव्हा त्याला विचारून त्याचंही लिहा.