पार्किन्सन्स: गोळीला जोड गटाची

पार्किन्सन्समध्ये मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होतात. लेव्होडोपासारख्या औषधांनी हालचाल सुधारते, पण पेशींचा ऱ्हास थांबत नाही. म्हणजे आजार वर्षानुवर्षं सोबतीला आणि डॉक्टरांची भेट मात्र काही मिनिटांची. क्षीण होणारा आवाज, दारातच थबकणारं पाऊल, बद्धकोष्ठता, उदासी यांच्याशी झुंज घरातच द्यावी लागते. म्हणूनच रुग्ण आणि घरच्यांचा आधारगट हा फावल्या वेळचा विरंगुळा नव्हे, तो उपचाराचाच भाग मानायला हवा. मुंबईत २००१मध्ये सुरू झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ हे काम करत आली आहेत.

यावर आक्षेप येतो, की पुढच्या टप्प्यातले रुग्ण पाहून मन खचेल. ही भीती खोटी नाही. पण हा आजार प्रत्येकात वेगळ्या गतीनं वाढतो, हे अशा गटातच उमगतं. थरथरता हात लपवण्याची गरजही तिथं उरत नाही. ‘घरची माणसं आहेत की!’ असंही म्हटलं जातं. पण रात्रंदिवस काळजी घेणाऱ्यालाही विसावा आणि सल्ला लागतोच. खरी अडचण अंतराची आहे; गावातल्या रुग्णाला शहरातला गट गाठणं अवघड. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं २१ दिव्यांगत्वांच्या यादीत पार्किन्सन्सचा समावेश केला. आता कागदावरचा हक्क गावापर्यंत पोचायला हवा. ज्येष्ठ नागरिक संघाची खोली, तालुक्याचा फिजिओथेरपिस्ट आणि आठवड्यातला एक तास एवढ्यावर सुरुवात करता येईल.