नादातून उमटणारा अर्थ

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील कार्यकर्ते आणि त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पावसाळ्यात माळशेज घाटातून जाणारा प्रवासी कड्यावरून कोसळणाऱ्या पाण्याला ‘धबधबा’ म्हणतो. हा शब्द कोणा पंडिताने घडवलेला नाही. तो पाण्यानेच दिला आहे. कानी पडलेल्या ‘धबधब’ या नादाला मराठी माणसाने केवळ नामाचे रूप दिले. तेच पाणी खाली उतरून काळू नदीला मिळते तेव्हा ते खळखळते, आणि पावसाळा सरल्यावर ओहोळात उरलेली बारीक धार झुळझुळते. धबधब, खळखळ, झुळझुळ हे तीन शब्द कोणाही मराठी मुलापुढे ठेवावेत आणि पाणी कोठे जास्त, कोठे कमी, एवढेच विचारावे. डोंगर किंवा नदी न पाहिलेले मूलही अचूक उत्तर देईल. शब्दाच्या नादातच अर्थाचे माप कसे येते, हा आजचा विषय आहे.

ऋषींनी घातलेला वाद

हा प्रश्न भारतात फार प्राचीन काळी विचारला गेला. निरुक्तकार यास्काचार्य ‘काक’ या नावाचा विचार करताना सांगतात, की हे नाव पक्ष्याच्या आवाजाचे अनुकरण आहे आणि पक्ष्यांच्या नावांत असे पुष्कळदा घडते. त्याच ठिकाणी ते औपमन्यव या आचार्यांचे विरोधी मतही नोंदवतात. त्यांना अशी अनुकरणे मान्यच नव्हती. आपले मत मांडताना विरोधकाचे मत न लपवण्याची ही भारतीय परंपरा आहे.

पाणिनींनी तर अशा अस्फुट ध्वनींच्या अनुकरणासाठी व्याकरणात स्वतंत्र नियम केला. ‘पटपटा करोति’ हा प्रयोग त्या नियमाने सिद्ध होतो. मराठीत ‘टपकन’, ‘धाडदिशी’ म्हणताना नादाला ‘कन’ किंवा ‘दिशी’ जोडून जे साधले जाते, ते याच जातीचे आहे. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाचार्यांनी एक पाऊल पुढे टाकले. सुटा वर्णही रसाला पोषक किंवा मारक ठरतो, असे त्यांनी दाखवले. श, ष, रेफयुक्त जोडाक्षरे आणि ढ यांची गर्दी शृंगाराला बाधक ठरते. तीच बीभत्सादी रसांत शोभते.

शब्दार्थाचा संबंध नित्य की संकेताने ठरलेला, हा मीमांसक आणि नैयायिक यांचा वाद सर्वश्रुत आहे. नैयायिकांचा मुद्दा दुर्लक्षिता येत नाही. नाद हाच अर्थ असता तर जल, नीर, उदक, पाणी असे निरनिराळे शब्द एकाच वस्तूला लागले नसते. शहापूरच्या माळावरची बाभूळ पाहा. नावात एकही कठोर वर्ण नाही आणि अंगभर काटे! म्हणून नाद अर्थ ठरवतो असे नव्हे. तो अर्थ सुचवतो, इतकेच म्हणणे योग्य.

मुख हाच नकाशा

पाश्चात्त्य विज्ञान या प्रश्नाकडे विसाव्या शतकात वळले. जर्मन मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोलर यांनी १९२९ साली दोन आकृत्या आणि दोन अर्थहीन शब्द यांचा प्रयोग मांडला. चेन्नईत शिकलेले आणि अमेरिकेत संशोधन करणारे डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी एडवर्ड हबर्ड यांच्यासह २००१ साली तो ‘बूबा’ आणि ‘किकी’ या शब्दांनी प्रसिद्ध केला. एक आकृती ढगासारखी गोलाकार, दुसरी फुटलेल्या काचेसारखी टोकदार. बूबा कोणती आणि किकी कोणती, असे विचारता बहुतेक सर्व जण गोल आकृतीला बूबा म्हणतात. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २५ भाषांच्या ९१७ भाषकांना हाच प्रश्न विचारला गेला. सुमारे ७२ टक्के उत्तरे या अपेक्षेप्रमाणे आली. थोड्या भाषांत मात्र तसे आढळले नाही. हा कल मानवमात्रात व्यापक आहे, पण तो अटळ नियम नाही.

असे का व्हावे? त्याचे एक उत्तर प्रत्येक मूल पहिलीत गिरवते. देवनागरीची वर्णमाला कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशी मुखातील स्थानांच्या क्रमाने रचलेली आहे. ब, भ, म उच्चारताना ओठ मऊपणे मिटतात. ‘ऊ’ म्हणताना त्यांचा गोल होतो. क, ट म्हणताना कोंडलेली हवा एकदम फुटते. ‘ई’ला जीभ वर जाऊन वाट अरुंद होते. मुख स्वतःच त्या आकाराचे होते. गुबगुबीत, गोबरे, गरगरीत, भोपळा यांच्या शेजारी टोक, काटा, टाचणी, किरकिर, तिखट ठेवून पाहिले की फरक ध्यानात येतो.

मराठीची सूक्ष्म मापे

मराठीत ही मापे किती बारीक आहेत, ते वर्णांच्या चढणीत दिसते. हातातल्या काकणांची किणकिण, नाण्यांची खणखण आणि देवळातल्या घंटेची घणघण. क, ख, घ असा वर्ण जड होत गेला, तशी वस्तूही जड होत गेली. पागोळीचा थेंब टपकन पडतो, फणस धपकन पडतो, वादळात वृक्ष धाडकन कोसळतो.

याहून आश्चर्याची गोष्ट अशी, की जेथे आवाजच नाही तेथेही मराठीने नाद योजला आहे. काजवा लुकलुकतो, पणती मिणमिणते, घासलेली कळशी चकचकते, उपसलेली तलवार लखलखते. प्रकाशाला ध्वनी नसतो, तरी या चार प्रकाशांची अदलाबदल कोणी मराठी माणूस करणार नाही. रवींद्रनाथ ठाकूर यांनी ‘शब्दतत्त्व’ (१९०९) या ग्रंथात बंगालीतील अशा ध्वन्यात्मक शब्दांचा विचार केला आहे. म्हणजे हे धन एकट्या मराठीचे नाही. मराठीत झुळझुळणारे पाणी कन्नडात ‘जुळुजुळु’ वाहते, तेलुगूत ‘गलगला’ आणि तामिळमध्ये ‘सलसल’. मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने १९५६ साली भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचे प्रतिपादन केले आणि १९६९ साली या द्विरुक्त नादशब्दांना त्याचा पुरावा म्हणून पुढे मांडले. भाषांची कुळे वेगळी मानली, तरी शेजाराने त्यांचे कान एक केले. उत्तर-दक्षिण भेद उकरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

पाड्यावरचे धन

आता आपल्या अंगणातले पाहू. मृगाच्या सुमारास मुरबाड-शहापूरच्या रानात पावशा ओरडू लागतो. राब भाजून पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला त्या आवाजात ‘पेरते व्हा’ असे ऐकू येते. टिटवीने आपले नाव स्वतःच उच्चारले, कुकुडकुंभ्यानेही. तांबटाच्या ‘टुक् टुक्’मध्ये मात्र लोकांना तांब्याचे भांडे ठोकणारा कारागीर ऐकू आला. यास्कांनी पाहिलेली नामकरणाची रीत आजही येथे जिवंत आहे.

ती जिवंत आहे, कारण ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी हे आपले वनवासी बांधव आणि त्यांचे कुणबी, आगरी शेजारी अजून रानाच्या, चिखलाच्या, पावसाच्या सान्निध्यात राहतात. नादशब्द पाठ्यपुस्तकातून येत नाहीत. आजीच्या जात्याशेजारी, आवणीच्या वाफ्यात, चुलीपुढे ते कानांतून उतरतात. असे शब्द घेऊन शाळेत आलेल्या पाड्यावरच्या मुलाला ‘हे अशुद्ध आहे’ म्हणून गप्प केले, तर त्याचा एकच शब्द जात नाही. बोलण्याची हिंमतही जाते. प्रमाण भाषा त्याला जरूर शिकवावी, पण त्याच्या बोलीशेजारी बसवून.

हा केवळ साहित्याचा विषय नाही. आरोग्य केंद्रात आलेली म्हातारी सांगते, की दाढ ठणकते, गळू ठसठसते, भाजलेले चुरचुरते, मानेत चमक भरते. या प्रत्येक शब्दात वेदनेची जात सांगितलेली असते. समोरच्या तरुण डॉक्टरच्या घरून हे शब्द नाहीसे झाले असतील, तर त्याच्या कागदावर चारही ठिकाणी ‘दुखते’ एवढेच उतरेल. रोग्याने नेमके सांगूनही ते वैद्यापर्यंत पोहोचणार नाही. शहरातील घरांनी इंग्रजी जरूर शिकावी. पण मुलाला वेदना, चव आणि पाऊस यांसाठी एकेकच शब्द उरला, तर त्याची जाणीवच बोथट होईल.

काय करता येईल? कार्यकर्त्याने पाड्यावर जाताना शिकवण्याआधी ऐकावे. जवळ एक वही ठेवावी. पावसाचे, पाण्याचे, पक्ष्यांचे, दुखण्याचे जे शब्द वडीलधाऱ्यांच्या तोंडून येतील, ते उच्चारासह, बोलीच्या नावासह टिपावेत. बालवर्गात दोन आकृत्या काढून मुलांनाच त्यांची नावे घडवू द्यावीत. घरी रात्रीच्या जेवणाला एक नादशब्द आजी-आजोबांकडून मागून घ्यावा. खर्च काहीच नाही. वेळ मात्र द्यावा लागेल.

१८९२ साली तानसाचे धरण पूर्ण झाले. पुढे भातसाचे पाणीही मुंबईकडे गेले. या डोंगरांचे पाणी महानगराच्या घराघरांत पोहोचते, पण नळाखालच्या मुलाला त्या पाण्याची खळखळ आणि झुळझुळ पोहोचलेली नाही. पाणी नेण्यासाठी धरणे आणि जलवाहिन्या लागल्या. शब्द नेण्यासाठी पाड्यावर थांबणारा आणि घरी परतून मुलांशी बोलणारा माणूस पुरेसा आहे. ते काम येथे जमलेल्या प्रत्येक कुटुंबाने आपले मानावे, एवढीच अपेक्षा.