डोंगरामागचा सूर्य आणि अंगणातला किल्ला

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत दुसरीतल्या मुलाच्या हाती कोरा कागद द्यावा आणि ‘चित्र काढ’ म्हणावे. पाच मिनिटांत कागदावर दोन त्रिकोणी डोंगर येतात. बेचक्यातून सूर्य उगवतो, तिथूनच एक नदी निघून वळणे घेत खाली येते. काठावर कौलारू घर, शेजारी झुकलेला नारळ आणि आकाशात चार-दोन पक्षी. घाटावरच्या ज्या मुलाने नारळाचे झाड फार तर एखाद्या देवळामागे पाहिले असेल, त्याच्याही कागदावर ते हजर! हे दृश्य मुलाने डोळ्यांनी पाहिलेले नसते, फळ्यावर पाहिलेले असते. आणि फळ्यावर ते काढणाऱ्या बाईंना ते त्यांच्या बाईंकडून मिळालेले असते. इतकी निर्वेध चालत आलेली वडिलोपार्जित इस्टेट दुसरी क्वचितच सापडेल.

तोच मुलगा दिवाळीच्या सुट्टीत किल्ला करायला बसतो, तेव्हा वेगळाच माणूस असतो. विटा-दगडांचा सांगाडा रचून त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट टाकायचे, पडलेल्या सुरकुत्यांतून कडे कोरायचे, बुरुजाला डब्याचे झाकण, विहिरीला करवंटी. हिरवळीसाठी मोहरी नाहीतर अळीव आधीच पेरावे लागते, नाहीतर लक्ष्मीपूजनाला किल्ला बोडका राहतो. महादरवाजा कुठे ठेवायचा यावर भांडण होते. रायगडाला जाऊन आलेला एखादा दादा सांगतो, की दरवाजा असा समोर उघडा नसतो, तो दोन बुरुजांच्या आड लपलेला असतो. मग रचलेली तटबंदी पाडून पुन्हा बांधली जाते. या सगळ्याला गुण नाहीत, तास नाही, नमुनाही नाही. शिल्प, स्थापत्य, रंग, इतिहास आणि गटकार्य एका अंगणात नांदते, आणि त्याला कुणी ‘उपक्रम’ म्हणत नाही.

सुट्टी संपल्यावर हाच मुलगा वर्गात येऊन पुन्हा दोन डोंगर काढतो. आजच्या व्याख्यानाचा प्रश्न एवढाच, की असे का होते?

एक उत्तर व्हिएन्नात सापडते. फ्रान्झ चिझेक या चित्रकाराने १८९७ मध्ये तिथे मुलांसाठी कलावर्ग काढला. त्या काळात चित्रकला शिकवणे म्हणजे छापील नमुने गिरवून घेणे. चिझेकने नमुने बाजूला ठेवले, विषय आणि साहित्य दिले आणि मुलांना आपल्या मनातले काढू दिले. त्या चित्रांची प्रदर्शने १९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये फिरली आणि लोक चकित झाले. पण काही जाणकारांना एक शंका आली. इतकी ‘मोकळी’ मुले, मग सगळ्यांच्या चित्रांत तीच सफाई आणि तीच सजावट कशी? नमुना भिंतीवरून काढता येतो. गुरुजींच्या पसंतीतून काढणे अवघड असते. कुठल्या चित्राला ‘वा!’ मिळते, हे मुले दोन दिवसांत ओळखतात.

व्हिएन्नाचाच व्हिक्टर लोवेनफेल्ड अंध आणि अंधूक दिसणाऱ्या मुलांना कला शिकवत असे. नाझींमुळे देश सोडून तो अमेरिकेत गेला आणि १९४७ मध्ये त्याचे ‘क्रिएटिव्ह अँड मेंटल ग्रोथ’ हे पुस्तक आले. मुलांच्या चित्रांचे त्याने टप्पे पाडले. दोन ते चार वर्षे गिरगोट्या, मग डोक्यालाच हातपाय फुटलेला माणूस, आणि साधारण सात ते नऊ या वयात प्रत्येक वस्तूसाठी मुलाचे स्वतःचे एक ठरलेले चिन्ह. या वयात कागदाच्या तळाशी जमिनीची एक रेघ येते आणि सगळे जग तिच्यावर उभे राहते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडे आडवी पडतात. एसटीच्या पत्र्यातून आतली माणसे दिसतात. आजी घराहून मोठी असते, कारण ती आहेच मोठी. मुलाला ठाऊक असलेले तो काढतो, आणि नेमके हेच वडीलधाऱ्यांना चूक वाटते. ‘पत्र्यातून माणसे दिसतात का रे?’ असे म्हणून खोडरबर पुढे केले, की मूल शहाणे होते आणि पुढच्या वेळी बिनधोक डोंगर काढते. छापील बाह्यरेषेत रंग भरायच्या पुस्तकांनाही लोवेनफेल्डचा ठाम विरोध होता. ती पुस्तके आजही वाढदिवसाला भेट म्हणून दिली जातात, हे ओघात सांगायला हवे.

व्हिएन्ना लांब वाटत असेल, तर डहाणूकडे यावे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. माँटेसरीची महाग साधने वारली पाड्यांना परवडणारी नव्हती. मग शिंपले, बिया, खडे, पाने हेच शैक्षणिक साहित्य झाले. मुले शाळेत येईनात, तर शाळा अंगणात गेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा निघाली. सहज मिळणारी वस्तू हाताळायला दिली, की मुलाजवळ तिच्याबद्दल सांगण्यासारखे आपोआप जमते, हे कोसबाडने दाखवून दिले.

त्याच मुलखातल्या वारली चित्रांचे शाळांनी काय केले? कार्डशीटवर पांढऱ्या पेनने दोन त्रिकोण, वर गोल डोके, मध्ये तारपावाला, भोवती नाचणाऱ्यांची गुंडाळी. म्हणजे डोंगर-सूर्याच्या जागी दुसरा नमुना आला, इतकेच. मुळात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठीने लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणी होत्या. जिव्या सोमा मशे यांनी ती रेषा भिंतीवरून कागदावर आणली, आणि जाळे टाकणारा कोळी, शेतातली लगबग असे रोजचे जगणे त्यात भरले. वर्गात घ्यायचे ते हे. त्रिकोण, गोल आणि रेघ एवढीच लिपी वापरून कालचा आठवडेबाजार काढा, पाण्याच्या टँकरपुढची रांग काढा. साधन बांधलेले आणि सांगायचे ते मोकळे. प्रस्तुत वक्त्याच्या मते चांगल्या उपक्रमाची घडण अशीच असते. ‘मनात येईल ते काढा’ म्हटले, की डोंगरच येतात.

असाच एक उपक्रम मातीच्या रंगांचा. मुलांनी घराजवळची मूठभर माती आणायची. ती वस्त्रगाळ करून पाण्यात ढवळायची. दोन-तीन मिनिटांत खरखरीत कण तळाशी बसतात. वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचे आणि रात्रभर ठेवायचे. सकाळी वरचे पाणी काढून टाकले, की तळाशी लोण्यासारखा मऊ थर मिळतो. त्यात डिंकाचे पाणी मिसळले, की रंग तयार. कोकणातल्या वर्गात जांभ्याचे तांबडे-नारिंगी रंग निघतात, मराठवाड्यात काळा-करडा, नदीकाठी फिकट पिवळसर. एकाच वर्गात चाळीस वाट्या मांडल्या, तर बांधाबांधाची माती वेगळी असते हे चौथीतले मूल भूगोलाच्या पुस्तकाआधी बोटांनी शिकते. हळदीत चुना कालवला, की लाल रंग येतो. तिथे वर्ग ओरडतोच. भेंडी आडवी कापून ठसा मारला, की पाच पाकळ्यांचे फूल उमटते. खर्च जवळपास नाही. पसारा मात्र होतो, आणि पस्तीस मिनिटांच्या तासात पसारा आवरणार कोण, ही शिक्षकांची अडचण खरी आहे.

ती अडचण कागदोपत्रीही दिसते. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक आहे, पण तो सहावी ते आठवीसाठी, आणि पट शंभराच्या वर असेल तरच. पहिली ते पाचवीला तो नाही. म्हणजे ज्या वयात रेघ सर्वांत धीट असते, तिथे एकच गुरुजी गणित, मराठी, पोषण आहाराची नोंद आणि चित्रकला सगळे सांभाळतात. पुढे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा येतात. त्यांतली स्मरणचित्राची कल्पना मुळात चांगली आहे, कारण पाहिलेले आठवून काढायचे असते. प्रत्यक्षात मात्र ‘बाजार’, ‘बसस्थानक’, ‘फुगेवाला’ यांची तयार चित्रे पाठ केली जातात. दहावीतल्या सवलतीच्या गुणांपुढे आठवण कोण काढत बसणार?

तरी एक गोष्ट कुठल्याही गुरुजींना उद्या जमण्यासारखी आहे. दिवाळीनंतर शाळा उघडते तेव्हा किल्ल्यावरची मोहरी पिवळी पडलेली असते, मावळे खोक्यात परत गेलेले असतात. त्या आठवड्यात चित्रकलेच्या तासाला फळा कोरा ठेवावा आणि मुलांना आपापला किल्ला आठवून काढायला सांगावे. कुणी तो वरून काढेल, कुणी बाजूने, कुणी दोन्हीकडून एकदमच. आणि गुहेतला वाघ अख्ख्या डोंगरातून आरपार दिसत असेल, तर बाईंनी खोडरबर पर्समध्येच राहू द्यावे आणि वाघाचे नाव विचारावे.